शुगर लो होते त्यांच्यासाठी दादरच्या काकूंचा डबा: लंच, मधलं खाणं आणि उपवासाचा डबा पण

सरळ सांगते, डबा चांगला आहे, महाग आहे, आणि ज्यांची शुगर जेवल्यावर दोन-तीन तासांनी धपकन खाली येते किंवा ज्यांच्या घरात डायबेटीसच्या गोळ्यांमुळे कोणाची तरी शुगर लो होते त्यांच्यासाठी इतका विचार करून बनवलेलं जेवण मला मुंबईत दुसरीकडे मिळालेलं नाही. नुसता घरगुती पौष्टिक डबा पाहिजे असेल तर दादर-माहीम पट्ट्यात याच्यापेक्षा स्वस्तात भरपूर ऑप्शन आहेत, तुम्ही ते घ्या.

आमच्याकडे दोन डबे चालू आहेत, एक माझा फोर्टच्या ऑफिसला जातो आणि एक सासऱ्यांचा म्हणजे अण्णांचा, तो घरी येतो. दोघांची शुगर लो होते पण कारण अगदी वेगळं, आणि हेच बाकीच्या डबेवाल्यांना आणि डाएटवाल्यांना कळत नाही, ते एकच मेन्यू सगळ्यांना चिकटवतात.

मला डायबेटीस नाही. पण भरपूर भात, पोहे, बटाटेवडा-पाव, चहा-बिस्किट असं काही नुसतंच खाल्लं की दोन-अडीच तासांनी हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधड, डोकं बधिर, समोरच्याने साधं काही विचारलं तरी अंगावर जावंसं वाटतं. बरीच वर्षं सगळे म्हणायचे बीपी लो झालं असेल, लिंबू-मीठ-पाणी पी, नाहीतर म्हणायचे अशक्तपणा आहे, बीट खा. शेवटी डॉक्टरांनी नीट तपासलं. ते म्हणाले ज्याला डायबेटीस नाही त्याला लो शुगर म्हणायचं तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात, लो शुगरसारखा त्रास झाला पाहिजे, त्याच वेळी रक्तातली शुगर खरंच कमी निघाली पाहिजे, साधारण ५५ च्या खाली, आणि शुगर वर आली की तो त्रास गेला पाहिजे. आणि हे घरच्या ग्लुकोमीटरवर ठरवायचं नाही, कारण खालच्या आकड्यांत ते मशीन थोडं इकडेतिकडे दाखवतं, म्हणून शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये. माझी निघाली ५२. पोटाचं ऑपरेशन झालेल्यांना असं होतं, काहींना डायबेटीसच्या आधीच्या स्टेजला होतं, आणि काहींचं कारण सापडतच नाही, मी त्यातली. होतं काय की पटकन पचणारा स्टार्च किंवा साखर एकदम आत गेली की शुगर झरझर चढते, तिच्या मागे इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, आणि मग शुगर जेवढी चढली त्याच्या दुप्पट जोरात उतरल्यासारखी वाटते. म्हणून "लो होते ना, मग गोड खात जा" हा सल्ला माझ्यासारखीला उलटा पडतो. गोड खायचं ते लो झाल्यावर, त्या क्षणाला सावरायला. रोजचं गोड खाल्लं तर पुढचा लो आपणच बोलावून आणला.

अण्णांचं वेगळं. ते ७४ चे, डायबेटीस जुना, गोळीत ग्लिमेपिराइड आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर लो सहसा होत नाही, पण ग्लिमेपिराइड तुम्ही जेवलात की नाही हे बघत बसत नाही, ती इन्शुलिन सोडायला लावतेच. म्हणजे गोळी घेतली आणि जेवण एक तास पुढे गेलं, किंवा आज भूक नाही म्हणून दोनाऐवजी अर्धीच पोळी खाल्ली, की झालं. डायबेटीसवाल्यांमध्ये ७० च्या खाली गेली की लो धरतात आणि ५४ च्या खाली म्हणजे गंभीर.

आधी आम्ही दोघांसाठी एका ॲपवरचा डाएट डबा लावला होता, नाव लिहीत नाही. त्यांचं सगळं "लो कार्ब". पोळी नाही, भात नाही, पनीर आणि उकडलेल्या भाज्या, आणि डबा कधी साडेबाराला तर कधी अडीचला. मला त्या जेवणाचा त्रास नव्हता, उलट बरं वाटायचं, पण अण्णांची गोळी तीच आणि पोळी गायब, त्यामुळे दुपारी त्यांची शुगर खाली जायला लागली. मी त्या लोकांना फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणते मॅडम शुगर कमी आली म्हणजे डाएट काम करतंय. मी तिथेच बंद केलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण वय झालेल्या आईवडिलांना हौसेने असले डबे लावणारे खूप आहेत. गोळी तशीच ठेवून जेवणातली पोळी-भात कापायचा नाही, आधी डॉक्टरांशी बोलायचं.

आता काकूंबद्दल. रानडे रोडच्या मागच्या बाजूला जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर त्यांचं किचन आहे, दोघी जावा मिळून चालवतात, मदतीला दोन बायका. मोठ्या काकूंच्या मिस्टरांना इन्शुलिन चालू होतं, त्यांचे लो सांभाळता सांभाळता त्या हे शिकल्या. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा मला वाटलं मेन्यू आणि रेट सांगतील. तर त्यांनी आधी विचारलं, "तुम्ही जेवता किती वाजता?" मग, "सकाळचं किती वाजता खाता? ट्रेनमध्ये किती वेळ जातो? संध्याकाळी घरी पोचेपर्यंत काय खाता?" अण्णांचं विचारताना म्हणाल्या, "गोळीचा कागद व्हॉट्सॲप करा." कागद बघून म्हणाल्या, "जेवण मी वेळेवर देईन, पण गोळीचं कमीजास्त मी सांगणार नाही हं, ते डॉक्टरांना विचारून मला कळवा." मला हे फार आवडलं. आजकाल जो तो इन्स्टावर बघून गोळ्या बंद करायला सांगतोय, आणि ही बाई जिला खरंच कळतं ती म्हणते माझं काम स्वयंपाकाचं. आम्ही डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी अण्णांचा डोस कमी केला, मग काकूंनी त्या हिशोबाने पोळ्या ठरवल्या.

माझा डबा असा असतो. चार मजली स्टीलचा. वरच्या पुडात कोशिंबीर, नेहमी दाण्याचं कूट घातलेली, काकडीची, गाजराची, कधी मुळ्याची. दुसऱ्यात उसळ, मटकी, मूग, चवळी, सोमवारी हमखास वालाची, म्हणजे सोललेल्या डाळिंब्यांची, आणि ती बिरड्याची चव खरंच घरची आहे. तिसऱ्यात पालेभाजी आणि दोन छोट्या पोळ्या नाहीतर ज्वारीची एक भाकरी. भात अगदी मूठभर, वरण दाट. चौथं पूड चारच्या खाण्याचं. आणि याच्यासोबत एक कागदी पुडी, तिच्यावर काळ्या मार्करने "उद्या ११" असं लिहिलेलं. डबा डबेवाल्यांकडून येतो त्यामुळे तो माझ्याकडे साडेबाराच्या आसपास पोचतो, मग सकाळी अकराचं खाणं पोचवणार कसं, तर आदल्या दिवशीच कोरडं काहीतरी देऊन ठेवायचं. भाजलेले चणे-शेंगदाणे, कधी मुगाच्या डाळीचा जाडसर खाकरा, कधी राजगिऱ्याची वडी अर्धी आणि चार बदाम. एवढंसं दिसतं पण अकराला ती पुडी उघडली की एकच्या आत मला काही होत नाही. आधी याच वेळेला ऑफिसखालचा वडापाव किंवा कटिंगसोबत बिस्किटांचा पुडा असायचा आणि एक वाजेपर्यंत मी थरथरत असायचे.

काकूंनी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगितली की कोशिंबीर आणि उसळ आधी संपवायची, पोळी त्यांच्यासोबत, आणि भात सगळ्यात शेवटी. माझ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं की भाजी आणि प्रोटीन आधी पोटात गेलं तर शुगर हळू चढते. आपल्याकडे उलट असतं, आधी वरणभात, तूप-लिंबू. सवय मोडायला जड गेलं, वरणभाताशिवाय जेवण सुरू झाल्यासारखं वाटतच नाही, पण फरक पडतो. घरी मीटरवर बघितलं तर त्याच डब्यात भात आधी खाल्ला की अडीच तासाने आकडा ६५ च्या आसपास आणि शेवटी खाल्ला की ८५-९०. घरचं मशीन आहे त्यामुळे आकड्याचं सोडा, पण अंगाला जे जाणवतं ते मी सांगतेय.

चारचं पूड माझ्या सगळ्यात आवडीचं. थालीपीठ, भाजणीचं, हाताएवढं एकच, वर लोण्याचा गोळा नाही पण छोट्या डबीत घट्ट दही. किंवा मटकीची भेळ, ज्यात कुरमुरे नावाला आणि मोड आलेली मटकी भरपूर, कांदा-टोमॅटो वेगळ्या डबीत म्हणजे ओलं होत नाही. नॉनव्हेज चालणाऱ्यांना उकडलेलं अंडं देतात, वरून मिरपूड. संध्याकाळी चर्चगेटहून ट्रेन पकडून घरी पोचेपर्यंत सात वाजतात आणि आधी माझी सगळ्यात वाईट वेळ तीच होती, गर्दीत उभं राहून घाम कसला येतोय तेच कळायचं नाही, उकाड्याचा की शुगरचा. आता ते जवळजवळ बंद झालंय.

अण्णांच्या डब्यात पोळ्या मोजून असतात आणि त्या रोज तितक्याच असतात. आज दोन, उद्या तीन असं नाही. ते रटाळ वाटेल, पण गोळीवाल्या माणसाला हेच पाहिजे असतं, रोज साधारण त्याच वेळेला साधारण तेवढंच. संध्याकाळच्या डब्यासोबत एक छोटं रात्रीचं खाणं असतं, नाचणीचं सत्त्व नाहीतर पोळीचा तुकडा, कारण अण्णांना रात्री दोन-तीनला लो व्हायचं. उशी घामाने भिजायची, सकाळी डोकं जड, आणि आम्हाला वाटायचं पंखा कमी होता. डोस कमी झाला आणि हे रात्रीचं सुरू झालं तेव्हापासून शांत झोपतात.

आता उपवास. हा भाग सविस्तर लिहिते कारण मराठी घरात खरा घोळ इथेच होतो. अण्णा संकष्टी सोडत नाहीत. चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊचा, कधी त्याच्याही नंतर, तोपर्यंत दिवसभर काय, तर सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि दुपारी केळं, चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात प्रोटीन नावालाही नाही. खिचडीत दाण्याचं कूट असतं म्हणून थोडं सावरतं, पण हॉटेलातली खिचडी बघा, कूट किती आणि साबुदाणा किती. माझ्यासारखीला त्याने आधी चढ मग उतार, आणि अण्णांसारख्याला सकाळी चढलेली शुगर दुपारी गोळी खाली खेचते आणि रात्री चंद्र उगवेपर्यंत पोटात काही नाही. आम्ही काकूंना सांगितलं खिचडी द्या, त्या म्हणाल्या, "खिचडी देईन पण दोन चमचे, नैवेद्यापुरती. बाकी माझं ऐका." मग त्यांचा उपवासाचा डबा असा, वरीचे तांदूळ थोडे आणि दाण्याची आमटी भरपूर, राजगिऱ्याचं थालीपीठ दह्याबरोबर, उकडलेलं रताळं सालासकट, काकडीची दाणे घातलेली कोशिंबीर. आणि हे एकदम नाही, तीन वेळा मिळून, सकाळी, दुपारी, सहाला. सगळं उपवासाला चालणारं, धर्म कुठे मोडला नाही. अण्णा पहिल्यांदा कुरकुरले की हा कसला उपवास, दिवसभर खातोच आहे. काकू त्यांना फोनवर म्हणाल्या, "अण्णा, बाप्पा तुम्हाला चक्कर येऊन पडलेलं बघून खूश होणार आहे का?" त्यानंतर गप्प. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची तेही डॉक्टरांकडून आधीच लिहून आणलंय, ते काकूंच्या किचनच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेलं मी स्वतः बघितलंय, आमचं आणि आणखी चार-पाच घरांचं. दाण्याच्या आमटीचं तर वेगळं कौतुक करायला पाहिजे, कोकम घातलेली, जिऱ्याचा वास, इतकी छान की उपवास नसताना मी मागून घेते.

अजून एक. त्या नव्या गिऱ्हाइकांना ग्लुकोज पावडरच्या मोजून भरलेल्या छोट्या पुड्या देतात, एकेका पुडीत १५ ग्रॅम, पाण्यात कालवून प्यायची, १५ मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, वर आली नसेल तर दुसरी. आणि वर आली की पुढचं जेवण लांब असेल तर पोळी, दूध, चणे असं काहीतरी टिकणारं खायचं, नाहीतर परत खाली. मी विचारलं साखर का नाही देत, घरात असतेच की. तर म्हणाल्या अण्णांच्या गोळीत व्होग्लिबोज पण आहे, त्यात साखरेचं पचन हळू होतं, लो झाल्यावर साखर खाऊन वेळेत उपयोग होत नाही, त्यांना ग्लुकोजच पाहिजे. मी डॉक्टरांना विचारून खात्री केली, बरोबर आहे. इतकी वर्षं आम्ही अण्णांना पेढा भरवत होतो! पेढा, चॉकलेट, आइस्क्रीम तसंही लो झाल्यावर चांगलं नाही, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. तुमच्या घरात कोणाच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज असेल तर आजच एक ग्लुकोजचा डबा आणून ठेवा. आणि माणूस शुद्धीत नसेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ ॲम्ब्युलन्स, १०८.

आता न आवडलेलं. एक म्हणजे पैसे. माझे लंच आणि दोन मधलं खाणं धरून महिन्याचे ५,८००, अण्णांचे त्याहून जास्त, डबेवाल्यांचे वेगळे. दोन माणसांचे मिळून बजेट हलतं. काकू म्हणतात कडधान्यं आणि दाणे महाग झालेत, ते खरं आहे, पण एकाच घरातले दोन डबे असतील तर काहीतरी कमी करायला हवं होतं, मी दोनदा बोलले, हसून टाळलं. दुसरं, रविवारी बंद. शुगरला रविवार कळत नाही. शनिवारी त्या जास्तीच्या पुड्या देतात पण जेवण आपलं आपण. तिसरं, बदल सांगायचा तर आदल्या रात्री नऊच्या आत, त्यानंतर मेसेज केला तर उत्तर येत नाही.

आणि एका गोष्टीवर माझं त्यांच्याशी जमत नाही. त्या जास्तीचं म्हणून खजूर-ड्रायफ्रूटचे लाडू विकतात, धाकट्या काकूंचं डिपार्टमेंट आहे ते, आणि त्याच्यावर लेबल आहे "शुगर फ्री". खजूर म्हणजे साखरच आहे, वरून साखर घातली नाही एवढंच. चवीला लाडू फार सुंदर आहे, सुक्या खोबऱ्याचा आणि डिंकाचा खमंगपणा आहे त्यात, पण डायबेटीसवाला माणूस शुगर फ्री वाचून तीन खाईल आणि माझ्यासारखी उपाशीपोटी दोन खाऊन बारा वाजता थरथरेल. मोठ्या काकूंना मी सांगितलं, त्या म्हणाल्या जावेला सांगते. गेल्या महिन्यापर्यंत लेबल तेच होतं. लाडू घ्या, पण जेवणानंतर अर्धा, आणि लेबल विसरा.

पावसाचं पण सांगते. जुलैमध्ये ट्रेन बंद पडल्या त्या दिवशी डबा आला नाही, त्यात कोणाचा दोष नाही, दादर-परळला पाणी भरलं की कोण काय करणार. पण ज्यांचं सगळं वेळेवरच्या खाण्यावर अवलंबून आहे त्यांनी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आपला साठा ठेवायलाच पाहिजे, काकूंची पुडी असो वा नसो. माझ्या ड्रॉवरमध्ये चणे, नुसते शेंगदाणे (चिक्की नव्हे), टेट्रापॅक दूध आणि ग्लुकोज असतं. बॅगेत मीटर. ट्रेनमध्ये मोजायची वेळ आली तर आधी बोट पाण्याने धुऊन कोरडं करून घ्या, फळ किंवा मिठाई हाताळलेलं बोट असेल तर मशीन खोटाच जास्त आकडा दाखवतं आणि आपण निवांत बसतो.

चवीबद्दल लोक विचारतात म्हणून, तिखट मध्यम, तेल कमी पण फोडणीत कंजूषपणा नाही, गोडा मसाला घरचा. कोबीची भाजी त्यांची मला आवडत नाही, पाणीदार होते. अळूचं फदफदं मागवून बघा, त्यात दाणे आणि चणाडाळ दोन्ही असतात. भाकरी डब्यात दीड-दोन तासांनी थोडी कडक होते, ज्वारीऐवजी पोळी सांगितलेली बरी.

लावायचा असेल तर फोन दुपारी तीन ते पाच या वेळेत करा, सकाळी त्या उचलत नाहीत. गोळ्यांचा कागद, जेवायची वेळ, उपवास कुठले करता आणि शुगर साधारण किती वाजता खाली येते हे लिहून ठेवा, विचारणारच आहेत. दादर, माहीम, प्रभादेवी, माटुंगा पश्चिम इथे त्यांचा मुलगा स्कूटरवर देतो, त्याच्यापुढे डबेवाल्यांची लाइन असेल तरच. नवीन गिऱ्हाईक महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच घेतात आणि गणपतीत पाच दिवस किचन बंद असतं, तेव्हा घरात वयस्कर माणूस असेल तर त्या पाच दिवसांची सोय आधी करून ठेवा, मोदकांच्या दिवसांत गोळी आणि जेवणाचा मेळ नेहमीपेक्षा जास्त बिघडतो.